विषय : सिस्टरबाईंच्या व्हॅनला टर्बो बसविणेबाबत

संदर्भ : अर्जदार श्रीमती फुलवंता, परिचारिका, यांचा वाहनातील बदलास मंजुरी मिळणेबाबतचा अर्ज.
वाहन : आठशे सीसी, पेट्रोल, तीन सिलिंडर, रंग पांढरा (मूळचा).
बदल : इंजिनास टर्बो बसविला.
कारण : चढ.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... जाऊ द्या. नोकरीभर हेच लिहिलं. आता निवृत्त झालोय, माणसासारखं सांगतो.

फाइलींना निदान कपाट असतं. किस्से डोक्यातच साचतात. फाइलींना वाळवी लागते, किश्श्यांना लागत नाही. उलट दरवेळी ते थोडे जाड होऊन बाहेर येतात. माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच जागेचे आहेत. गोंदियाहून बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं प्रेमलालचं गॅरेज! मी गाड्यांच्या नोंदणीच्या कार्यालयात कारकून. दिवसभर गाड्यांचे कागद बघायचे आणि संध्याकाळी चहाला प्रेमलालकडे जाऊन गाड्या बघायच्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, हे मला तिथंच कळलं.

प्रेमलाल पवारांच्या घरातला. घरी धानाची शेती, ती भावांच्या गळ्यात घालून हा गॅरेजमध्ये पळून आलेला. त्याला येत नाही असं काम अजून जन्माला यायचं होतं. ‘हे तं माह्या डाव्या हाताचं काम आहे जी,’ असं तो कुठल्याही कामाला म्हणायचा. मग ते काम खरोखर डाव्या हातानं केल्यासारखं व्हायचं, आणि दुसऱ्यांदा उजव्या हातानं करावं लागायचं. तिसऱ्यांदा मात्र असं व्हायचं की बघत राहावं.

दुसरे मिश्राजी. रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले फोरमन. मराठी पूर्ण समजायची, बोलायचे फक्त हिंदी. तिसरा दिगंबर, शेजारचा टीव्ही दुरुस्तीवाला. आणि चौथा मी, ज्याचा उपयोग फक्त चहाची ऑर्डर द्यायला.

तर या मंडळींत एक दिवस सिस्टर आल्या.

*

सिस्टर फुलवंता दरेकशाच्या जंगलाकडच्या उपकेंद्रात होत्या. स्वतःच्या पैशानं जुनी व्हॅन घेतलेली. तिकडच्या वाड्या खोलगटात, म्हणजे बाहेर पडायचं तर एक उभा चढ चढल्याशिवाय सुटका नाही. त्या चढाला लोक ‘उतरा’ म्हणत, कारण त्याच्या पायथ्याशी गाडी आली की कुठलाही ड्रायव्हर हा एकच शब्द बोलायचा. मग माणसं उतरायची, चढ पायी चढायची आणि वर जाऊन परत बसायची. गाडी जुनी असेल तर ढकलायचीसुद्धा. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. चढ म्हटला की उतरायचं!

एकदा एक अडलेली बाई व्हॅनमध्ये होती. व्हॅन चढावर अर्ध्यात थांबली. बाईला उतरून, दोघींच्या खांद्यावर हात टाकून चढ चढावा लागला. बाई वाचली. बाळ वाचलं नाही.

सिस्टर त्याबद्दल एवढंच बोलल्या. मग प्रेमलालला म्हणाल्या, ‘यापुढं ह्या गाडीतून त्या चढावर कोणी उतरनार नाही. कसं ते तू पाय.’

प्रेमलाल पहिल्यांदाच जरा खाली आला. ‘सिस्टर, इंजिन आठशेचं आहे जी. त्यात घोडे तितकेच राहतेत. मोठी गाडी घ्या नं.’

‘घेता आली असती तं तुह्याकडं काऊन आली असती?’

तेवढ्यात मिश्राजी, चहात वेलची टाका म्हणावं तितक्या सहज म्हणाले, ‘टर्बो लगा दो.’

*

प्रेमलालनं टर्बो हा शब्द ऐकला होता, वस्तू पाहिली नव्हती. ‘म्हंजे इंजिनात जास्तीची हवा भराची, एवढंच नं? डाव्या हाताचं काम!’

गोंदियात ज्याच्या नात्यात राईस मिल नाही तो माणूस बहुधा बदलून आलेला सरकारी नोकर असतो. उदाहरणार्थ, मी. प्रेमलालच्या मामेभावाची मिल होती. तिथला कोंडा उडवायचा जुना ब्लोअर त्यानं उचलून आणला, पट्टा घालून व्हॅनच्या इंजिनाला जोडला आणि आम्हाला बोलावलं.

इंजिन सुरू झालं. आवाज असा भरीव आला की मी खुर्ची मागे घेतली. प्रेमलालनं रेस वाढवली. आणि त्या ब्लोअरच्या पोटात वर्षानुवर्षं बसलेला कोंडा एकदम जागा झाला!

आधी भाजक्या तांदळाचा वास सुटला. मग इंजिन खोकलं. मग सायलेन्सरमधून काळ्या कोंड्याचा एक लोट निघाला तो सरळ दिगंबरच्या दुकानात, मागचं झाकण उघडून ठेवलेल्या एका टीव्हीत.

मिश्राजींनी चहाचा पेला खाली ठेवला. ‘प्रेमलाल, गाड़ी छोड़ो. मुरमुरे की दुकान खोल लो.’

‘पन हवा गेली का नाई?’ प्रेमलाल काळ्या तोंडानं म्हणाला. ‘हवा तं गेली नं!’

*

खरा टर्बो मिळाला सडक अर्जुनीला. हायवेवरचं गाव. अपघातातल्या गाड्या जिथे शेवटी येतात, तशा एका भंगारवाल्याकडे. त्यानं तो आपल्या टेबलावर, देवाच्या फोटोसमोर ठेवला होता आणि त्यात उदबत्त्या खोचल्या होत्या.

‘हे काय आहे?’ मी विचारलं.

‘शंख आहे जी. एका डिझेल गाडीतून निंगाला. गाडीवाल्यानं पूजेचा ठेवला असन.’

आकार खरंच शंखाचा. मिश्राजींनी उदबत्त्या काढल्या, राख फुंकली आणि एका तोंडाशी ओठ लावून दीर्घ फुंकर घातली. आतलं बोटभर चाक फिरू लागलं. आवाज नाही, घरघर नाही. मिश्राजींचा दम संपला, त्यांनी तोंड बाजूला घेतलं, तरी ते चाक फिरतच राहिलं. हायवेवर ट्रक चाललेले, आणि आम्ही चार माणसं, भंगारवाला धरून, एका चाकाकडे बघत उभे. मी आयुष्यात पुष्कळ देव पाहिले. त्यातल्या कोणासमोर इतका वेळ गप्प उभा राहिल्याचं आठवत नाही.

चाक थांबल्यावर मिश्राजी म्हणाले, ‘इंजन का धुआँ इसे घुमाता है, और यह इंजन को हवा खिलाता है. जो साँस बेकार जा रही थी, वही काम पर लौट आती है.’

भंगारवाल्यानं हे सगळं पाहिलं आणि टर्बो पुन्हा उचलून देवासमोर ठेवला. ‘आता तं नाई देत!’

शेवटी मिश्राजींनी घरी जाऊन पूजेतला खरा शंख आणला तेव्हा सौदा झाला. शंखाच्या बदल्यात शंख!

परत येताना मिश्राजी प्रेमलालला एवढंच म्हणाले, ‘एक बात याद रखना. डीजल हवा खाता है. पेट्रोल हवा में नखरे करता है.’

*

नखरे पहिल्याच दिवशी सुरू झाले. टर्बो बसला, गाडी सुरू झाली, प्रेमलालनं पाय दाबला. गाडी दोन ढांगा पळाली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि इंजिननं मान टाकली. पुन्हा केलं. पुन्हा दिवा, पुन्हा मान.

दिगंबरनं सीटखालून गाडीचा कंप्युटर काढला. सगळे त्याला डब्बा म्हणत. इंजिनात किती हवा जातेय हे एक सेन्सर त्या डब्ब्याला सांगतो आणि डब्बा त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. आता झालं असं की या गाडीनं जन्मापासून बाहेरची हवा तेवढी ओढलेली. बाहेर असते त्याहून जास्त दाबाची हवा या जगात असू शकते, हे डब्ब्याला कारखान्यातच कोणी सांगितलं नव्हतं. टर्बोनं ती हवा आत ढकलली की सेन्सर खरा आकडा सांगायचा. डब्बा म्हणायचा, असा आकडा नसतोच. सेन्सर बिघडला! दिवा लावा, पेट्रोल तोडा!

मी हे ऐकून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो. ‘अरे, हा तर आमच्या ऑफिसातला आहे!’ मी म्हणालो. ‘रकान्यात न मावणारा आकडा आला की आमच्याकडे रकाना मोठा करत नाहीत. आकडा आणणाऱ्याला परत पाठवतात!’

‘मंग तुमच्या ऑफिसात काम कसं काढतेत, बाबूजी?’ दिगंबरनं विचारलं.

‘रकान्यात मावेल एवढंच सांगतात.’

एका जुन्या टीव्हीतून काहीतरी बारकं काढून दिगंबरनं सेन्सरच्या वायरीत डकवलं. आता हवा कितीही वाढो, डब्ब्याला कळायचं एवढंच की ‘भरपूर आहे.’ त्याहून पुढचं त्याच्यापासून लपवलेलं. दिवा लागला नाही. डब्बा खूश!

मिश्राजी खूश नव्हते. ‘अब हवा ज़्यादा है और पेट्रोल उतना ही. सूखा जलेगा. पिस्टन पिघल जाएगा.’

म्हणजे डब्ब्याला फसवलं, पण डब्ब्याच्या वाट्याचं काम आता आपल्यावर आलं. हे मात्र आमच्या ऑफिसासारखं नव्हतं. तिथं फसवलं की काम संपतं. मग प्रेमलालनं हवेच्या वाटेवर पेट्रोल फवारणारं एक जास्तीचं इंजेक्टर बसवलं आणि त्याला शेतातल्या पंपाचा प्रेशर स्विच जोडला. टर्बोचा दाब चढला की तेवढ्यापुरतं ते वरचं पेट्रोल सोडणार.

‘तीन सिलिंडरले तीन इंजेक्टर आहेत, हे चवथं कायले?’ गॅरेजात आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं.

‘पाहुण्याचं आहे,’ प्रेमलाल म्हणाला. ‘पाहुना आला का चुलीवर एक भगोनं जास्तीचं चढवाच लागते!’

त्या दिवशी बिरसीच्या रस्त्यावर व्हॅन धावली. मी आत होतो. एका वेगाला पोचल्यावर सीटखालून टर्बोची बारीक शीळ ऐकू आली, आणि कोणीतरी पाठीला तळवा लावून ढकलावं तशी गाडी पुढे गेली. आठशेची पांढरी व्हॅन! मी दाराचं हँडल धरलं ते सोडलंच नाही. वर वैमानिक शिकवायच्या शाळेचं एक छोटं विमान घिरट्या घालत होतं. प्रेमलालनं खिडकीतून मान काढून वर पाहिलं.

‘त्याच्यात बी टर्बो नसन, बाबूजी!’

*

पण चढ रस्त्यासारखा सपाट नसतो. मिश्राजींची खरी भीती वेगळीच होती. पेट्रोल आणि हवा फार दाबली, फार तापली, की ठिणगी पडायची वाटच बघत नाही. पिस्टन वर येत असतानाच आत भडका उडतो. दार ढकलून घरात येणाऱ्याच्या तोंडावर घरच्यांनीच दार आपटावं तसं. आतून खडखड येते. थोडा वेळ चाललं तर काही नाही, जास्त चाललं तर पिस्टनला भोक. आणि ते होणार कुठे, तर भरल्या गाडीनं चढ चढताना!

नव्या गाड्यांत ही खडखड ऐकायला सेन्सर असतो म्हणे. या गाडीत नव्हता. आणि प्रेमलालचे कान वर्षानुवर्षं घण ऐकून गेलेले. मिश्राजींचे डिझेल शेडमध्येच राहिलेले. दोघं बॉनेटसारखं सीट उचलून (या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं) वाकून ऐकत होते. एक म्हणे खडखड आहे, दुसरा म्हणे नाही. एकमेकांचं नीट ऐकू येत नसल्यामुळे दोघंही ओरडून बोलत होते.

सिस्टर गाडी न्यायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ हे पाहिलं. मग पिशवीतून पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची कर्ण्यासारखी नळी काढली, इंजिनावर टेकवली आणि कान लावला.

‘रेस दे.’

प्रेमलालनं रेस दिली.

‘अजून. चढावर देते तशी दे. ब्रेकवर पाय ठेव अन् ओढाले लाव.’

शीळ आली. सिस्टरनी डोळे मिटले. आम्ही सगळे दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या बापांसारखे.

‘आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ठोके नाही हे. थंडीत दात वाजतेत तसं वाजून राह्यलं.’

प्रेमलालनं ठिणगीची वेळ जरा मागे सरकवली. सिस्टरनी पुन्हा ऐकलं. अजून जरा मागे. पुन्हा.

‘थांब. आता बरोबर आहे.’

पुढे प्रेमलालनं इंजिनाला एक तांब्याची नळी कायमची घट्ट बसवली, तिला रबरी नळी, आणि त्या टोकाला सिस्टरचा जुना स्टेथोस्कोप. मागच्या सीटवर बसून इंजिनाची तब्येत ऐकायची सोय! मिश्राजींनी तो कानाला लावून पाहिला आणि हळूच काढून ठेवला. ‘इतने साल इंजन के साथ रहा,’ ते म्हणाले, ‘अंदर से आज सुना.’

*

ठिणगी मागे सरकवली की खडखड थांबते, पण जोरही कमी होतो. म्हणून मग हवाच थंड करायची, असं ठरलं. टर्बोतून निघणारी हवा एका जाळीतून न्यायची, तिथं ती निवते. प्रेमलालनं जाळी मिळवली, पुढच्या सीटमागे, पायाखालच्या फळीखाली बसवली. पण मे महिन्यात गोंदियात वारासुद्धा भट्टीतून येतो. जाळी निववणार कशानं?

या प्रश्नाचं उत्तर विदर्भात शाळेतल्या पोराला माहीत असतं. वाळ्याची ताटी आणि वरून पाणी! प्रेमलालनं घरच्या कुलरची ताटी कापून जाळीला गुंडाळली. घरी काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. तो आठवडाभर गॅरेजात जेवला, यावरून अंदाज.

पाणी मात्र एकदम पडायचं. ताटी भिजून, सगळं वाहून जायचं आणि चढ यायच्या आत कोरडं. सिस्टर म्हणाल्या, ‘सलाईन लाव नं.’

आणि लावलं! छताला हूक, हुकाला सलाईनची रिकामी बाटली, तीत साधं पाणी, नळी फळीतून खाली, आणि थेंब कमीजास्त करायचं ते बारकं चाक. मागे बसलेल्यानं चाक फिरवायचं.

दिगंबर बराच वेळ त्या थेंबांकडे बघत राहिला. ‘ही गाडी हाय का पेशंट?’

‘दोन्ही,’ सिस्टर म्हणाल्या.

गाडी चालली की आत वाळ्याचा वास दरवळायचा. माझ्या नोकरीत मी असंख्य गाड्यांत बसलो. सुगंधी इंजिन ते एकच!

*

इथपर्यंत सगळं आनंदात होतं. मग मीच म्हणालो, म्हणजे माझ्यातला कारकून म्हणाला, की वाहनात बदल केला तर मंजुरी लागते. रस्त्यात कोणी अडवलं तर गाडी जप्त. सिस्टरनी ताबडतोब रीतसर अर्ज दिला.

साहेब पुण्याकडचे. नवे, तरुण, कडक इस्त्रीचे. माणूस वाईट नाही. नियम तोंडपाठ, एवढाच दोष. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

‘इंजिन बदललंय का?’

‘नाही साहेब.’

‘इंधन बदललंय? रंग? आसनं?’

‘नाही साहेब.’

‘मग बदललंय काय?’

‘हवा, साहेब.’

साहेबांनी अर्ज उलटून पुन्हा पाहिला. हवेसाठी रकाना नव्हता. डब्ब्याची आठवण येऊन मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

‘अर्ज विचाराधीन आहे तोवर गाडी आहे तशी चालू दे,’ साहेब म्हणाले. ‘पण हे नियमात बसत नाही. मी जागेवर पाहणी करीन, आणि नामंजुरीचं पत्र तुम्ही टाईप करून ठेवा. नामंजूर झालं की ते काय आहे ते उतरवून गाडी मूळ स्थितीत आणायची.’

पत्र मी टाईप केलं. सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मूळ स्थितीत म्हंजे लोकायनं उतराचं, असंच नं?’

मी म्हणालो, असंच.

*

पाहणीला साहेब, मी, प्रेमलाल आणि सिस्टर, असे चौघं व्हॅनमधून गेलो. नामंजुरीचं पत्र माझ्या पिशवीत, सहीपुरतं बाकी. जाताना उतार होता, त्यामुळे साहेबांना काही विशेष दिसलं नाही. खाली वाडीजवळ गाडी वळवत होतो तेवढ्यात एक माणूस धावत आला. त्याची बायको सकाळपासून अडली होती.

सिस्टर आत गेल्या, लगेच बाहेर आल्या. ‘गोंदियाले न्या लागते. आत्ता.’

बाईला मागच्या सीटवर आडवं केलं. सासू पायाशी, नवरा मागच्या दाराजवळ. साहेबांना उतरायचं सुचलं असावं, पण तोवर सिस्टरनी त्यांना बाईच्या उशाशी कोंबलं होतं. बाईला सलाईन लावलं. आणि मग लक्षात आलं की छताला हूक एकच आहे आणि त्यावर इंजिनाची बाटली आहे.

‘ही धरा,’ सिस्टर म्हणाल्या. साहेबांच्या उजव्या हातात बाईची बाटली. पुढे दगडातून गाडी उसळली तशी हुकावरची पण निसटली. डाव्या हातात इंजिनाची. कडक इस्त्रीचे साहेब दोन्ही हात वर करून बसले, कोणीतरी बंदूक रोखावी तसे.

चढाचा पायथा आला. प्रेमलालनं गाडी क्षणभर थांबवली. सवयीनं नवरा उतरू लागला. सासू लुगडं सावरून उठली.

‘बसा!’ सिस्टर ओरडल्या. ‘कोनी हलाचं नाही!’

त्यांनी नळी बाईच्या पोटावर टेकवून कान लावला. मग नळी ठेवून इंजिनाचा स्टेथोस्कोप कानांत घातला.

‘दोन्हीकडं चालू आहे. चाल, प्रेमलाल.’

गाडी चढाला लागली. मी पुढे, इंजिनावर, खाली चुलीवर बसल्यासारखा. शीळ आली. अर्ध्या चढापर्यंत गाडी अशी चालली की प्रेमलालनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग जिथं मागे व्हॅन थांबली होती, तिथंच, मागून सिस्टरचा आवाज आला.

‘दात वाजून राह्यले! प्रेमलाल, पाय हलका! पन सोडू नको, थांबली तं उठनार नाही!’

‘सोडत नाई जी!’

‘साहेब, पाणी वाढवा!’

‘कुणाचं?’ साहेब किंचाळले.

‘इंजिनाचं! डाव्या हाताचं! तिच्या चाकाले हात लावाल तं पाहा!’

साहेबांनी दोन्ही बाटल्या कशाबशा पेलत अंगठ्यानं डाव्या नळीचं चाक फिरवलं. निम्मं पाणी ताटीवर आणि निम्मं त्यांच्या शर्टावर. सिस्टरचा एक हात बाईच्या पोटावर, दोन्ही कान इंजिनात. वाळ्याचा वास एकदम दाटला. मी मागे वळून पाहत होतो. सिस्टरचा चेहरा आक्रसलेला होता, तो हळूहळू सुटला.

‘थांबलं,’ त्या म्हणाल्या. ‘आता दे पाय.’

प्रेमलालनं पाय दिला. शीळ पुन्हा चढली. खिडकीतून झाडं मागे जात राहिली आणि साहेब वर धरलेल्या आपल्या दोन हातांकडे बघत राहिले.

वर सपाट रस्ता लागून बराच वेळ झाला होता. सासू अजून दाराला धरून अर्धवट उठलेली. तिनं साहेबांना विचारलं, ‘बाबू, चढ कवा येनार?’

साहेबांनी डाव्या हातातली बाटली मागच्या रस्त्याकडे हलवली.

बाळ दवाखान्यात झालं. रडलं. आम्ही बाहेर बाकावर होतो, तिथपर्यंत ऐकू आलं.

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी ओल्या शर्टानंच नामंजुरीचं पत्र मागून घेतलं. उभ्यानं वाचलं. पेन उघडलं, बंद केलं. पत्राची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली आणि फाइलीवर लिहिलं : ‘पाहणी केली. चढावर कोणालाही उतरावे लागले नाही. विचाराधीन.’

पुढे साहेब बदलून गेले. जाताना नव्या साहेबांना घेऊन कपाटाशी उभे राहिले आणि ती एक फाईल हातात देऊन बराच वेळ काहीतरी बोलले. नवे साहेब गेले तेव्हा त्यांनीही तसंच केलं. मग मी निवृत्त झालो.

अर्ज प्रलंबित आहे.